चार ते पाच समुद्रस्नान

आमच्या घरात प्रवासाला निघताना आधी कागद काढतात, मग बॅगा. पणजोबा संस्थानाच्या कुठल्याशा खात्यात कारभारी होते. त्यांची पगडी गेली, घोडा गेला (घोडा होता असं आम्ही सांगतो, मला स्वतःला शंका आहे), पण डावीकडे समास सोडून कामाचा तपशील लिहून काढायची खोड मात्र चार पिढ्या टिकली. लग्नाची बोलणी असोत नाहीतर गणपतीची आरास, आधी फुलस्केप कागद, मग समास, मग वेळा. वेळेच्या पुढे काम आणि कामाच्या पुढे जबाबदार इसम. जबाबदार इसम बहुतेक वेळा बायकोच असते, पण कागद लिहायचा मान माझा.

या फेब्रुवारीत आईला समुद्रावर न्यायचं ठरलं तेव्हा मी असाच कागद केला. शनिवार, पहाटे साडेपाच: प्रयाण. पावणेबारा: आगमन. साडेबारा: भोजन. दीड ते साडेतीन: विश्रांती. चार ते पाच: समुद्रस्नान. साडेपाच: चहा. रविवार, सकाळी आठ: परतीचा प्रवास. अक्षर चांगलं आलं होतं, म्हणून तो फ्रीजवर लावला.

आईने चष्मा वर करून तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "हे समुद्राला दाखवलंस का?"

मी हसलो. थट्टा वाटली मला.

आई शहात्तर वर्षांची आहे. बडोद्यातल्या एका मुलींच्या शाळेत तिने बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी आठवीच्या मुलींची सहल समुद्रावर जायची आणि दर वर्षी आई तिच्याबरोबर जायची. पण ती पाण्यात कधी उतरली नाही. चाळीस मुलींच्या ऐंशी चपला, चाळीस डबे आणि कुणाकुणाचे चष्मे सांभाळत ती कोरड्या वाळूवर उभी राहायची आणि तिथूनच शिट्टी वाजवायची. बाबा होते तेव्हा सुट्ट्या डोंगरावरच्या देवस्थानांत गेल्या, कारण बाबांना वाळू आवडायची नाही, ती चपलेत जाते म्हणून. अशी भरती-ओहोटी हजारो मुलींना समजावून सांगितलेली बाई घोट्यापर्यंतसुद्धा समुद्रात गेली नव्हती.

हे आम्हाला माहीत नव्हतं. गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट निघाली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, सांधा घासून संपलाय, बदलून घ्या. आईने तारीख घेतली आणि पुढे ढकलली. पुन्हा घेतली, पुन्हा ढकलली. मधल्या काळात तिचं जग आखडत गेलं. आधी ती सोसायटीबाहेरच्या बागेपर्यंत जायची, मग फाटकापर्यंत, आता लिफ्टपर्यंत. काठी घेऊन शंभरेक पावलं, मग बसायलाच हवं. तिसऱ्यांदा तारीख मिळाली, बुधवारची, तेव्हा बायकोने सरळ विचारलं, "आई, तुम्हाला भीती कशाची वाटते ते तरी सांगा."

आई म्हणाली, "भीती नाही गं. त्या टेबलावर झोपल्यावर परत उठेनच असं काही नाही. एकदा समुद्रात बसायचंय मला. पाय बुडवून नाही, बसायचंय. ते झालं की घाला टेबलावर."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कागद काढला.

ऐन वेळी काही कमी पडू नये म्हणून लहरीपुऱ्याच्या बाजारात जाऊन आईसाठी रबरी ट्यूबही पाहिली. दुकानदाराने बाळाचं वय विचारलं, "बाबो केटला वरसनो?" मी म्हटलं, "छोतेर." म्हणजे शहात्तर. त्याने बदक काढलेली ट्यूब परत ठेवली आणि मोठी, निळी काढली. वर म्हणाला, "आने तो ट्रकनी ट्यूब जोईए, साहेब." मी ती निळी घेऊन आलो. आईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती खाटेखाली सरकवली. तिथून ती निघालीच नाही.

गाव वलसाडच्याही खाली, जिथे गुजराती आणि मराठी एकमेकांत विरघळतात तिथलं. कोळ्यांची वस्ती, सुरूची झाडं, बांबूच्या चौकटींवर ओळीने वाळत घातलेले बोंबील आणि एकदम शांत किनारा. लाटा अशा की लहान मूल सोडून द्यावं. समुद्राच्या बाजूला सिमेंटचा बंधारा आहे आणि बंधाऱ्यातून खाली उतरायला आठ-दहा रुंद पायऱ्या. त्या पायऱ्यांपासून तीसेक पावलांवर आमची खोली. खोली देणाऱ्या बाई पन्नाशीच्या. त्यांचा नवरा बोटीवर गेलेला, आणि त्या दोन खोल्या, बोंबील आणि गिऱ्हाइकं असं सगळं एकट्या सांभाळत होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजायला पंधरा मिनिटं होती. कागदाबरहुकूम. मी गाडीतून उतरून मिनिटकाट्याकडे पाहिलं आणि पणजोबांना मनातल्या मनात मुजरा केला.

आणि समोर समुद्र होता. म्हणजे अगदी समोर. खालच्या तीन पायऱ्या पाण्यात, आणि चौथीवर पाणी येऊन हळूच मागे जात होतं. एवढं सोपं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आई गाडीचं दार धरून उभी राहिली, काठी टेकली आणि म्हणाली, "चल. आत्ताच जाऊ."

"आई, सहा तास बसून आलीस. पाय सुजलेत बघ. जेवण, जरा पडणं, मग चारला आरामात."

"चारला हे इथे नसेल."

"कोण?"

"पाणी. आत्ता भरती आहे, अरे."

आणि मी, मकरपुऱ्याच्या कारखान्यात पंचवीस वर्षं व्हॉल्व्ह तपासणारा माणूस, वाहत्या पाण्याचा दाब ज्याला हाताच्या बोटांनी कळतो असं कारखान्यात मीच सांगत असतो, तो मी म्हणालो, "आई, समुद्र आहे तो. कॉर्पोरेशनचा नळ नाही, वेळेवर जायला."

हे वाक्य मला फार आवडलं. जेवताना मी ते पुन्हा एकदा म्हटलं.

आई खोलीकडे वळली. बत्तीस वर्षं शिकवलेला माणूस एखाद्या मुलाला कधी सोडून द्यायचं ते ओळखतो. शिवाय खरंच थकली होती ती. बायको म्हणाली, "अहो, जाऊन येऊ या का पाच मिनिटं?" मी खिशातला कागद नुसता थोपटला. जेवलो. पडलो. आईला झोप लागली नसावी, कारण मी घोरत असताना ती दोनदा खिडकीशी जाऊन आली असं बायको नंतर म्हणाली.

चार वाजता आम्ही तिघं तयार होऊन बंधाऱ्यावर आलो. आईने जुनं सुती लुगडं नेसलं होतं. बायकोच्या हातात दोन पंचे. माझ्या हातात प्लॅस्टिकची खुर्ची आणि अंगावर नवी हाफपँट. तिला गुडघ्याजवळ चैन होती, का ते मला अजून कळलेलं नाही.

समुद्र नव्हता.

खाली पायऱ्या होत्या, पायऱ्यांपुढे वाळू, वाळूपुढे काळपट ओला चिखल, चिखलात आडव्या झालेल्या होड्या, होड्यांपलीकडे आणखी चिखल, आणि त्याही पलीकडे, जिथे मला आकाश संपतंय असं वाटत होतं, तिथे एक चकाकती रेघ.

"ती रेघ बघ," आई म्हणाली. "तो समुद्र."

बायकोने दोन्ही पंच्यांची परत घडी घातली. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ती काहीच बोलत नाही तेव्हा काय बोलते ते मला शब्दशः ऐकू येतं.

खोलीवाल्या बाई बोंबील उलटत होत्या. मी विचारलं, "बाई, हे पाणी कधी येणार?"

"येल ना. आज तेरस. तेरसला अकराला भरतं नि पाचला सुकतं. रातचं अकराला परत भरतं."

"रात्री अंधारात आईला पायऱ्यांवरून कसं नेणार?"

"मग सकाळी. उद्या चौदस, पाऊण तास उशिरा येल." मग त्यांनी आईकडे पाहून विचारलं, "दुपारी बा आल्या तेव्हा भरलेला होता ना? तेव्हा का नाय उतरल्या?"

आई म्हणाली, "कार्यक्रमात नव्हतं."

इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. पण पाण्याच्या त्या रेघेकडे पाहताना माझ्या लक्षात आलं की बंधाऱ्याच्या टोकाशी एक उतार आहे, आणि त्यावरून होड्या ओढणारा ट्रॅक्टर खाली जातो. चाकांचे ठसे पार चिखलापर्यंत गेले होते. ट्रॅक्टर जातो, मग गाडी का नाही जाणार? आईला पुढच्या सीटवर बसवायचं, पाण्याच्या काठापर्यंत न्यायचं, दार उघडायचं. दहा पावलं.

"अहो, नको," बायको म्हणाली.

"वाळू कडक आहे. मी टाच मारून पाहिली."

"कुठे?"

"इथेच. उताराशी."

आई विचारात पडली. तिला समुद्र हवा होता, आणि माणसाला काही हवं असलं की त्याचा भूगोल थोडा सैल होतो. म्हणाली, "जरा जाऊन बघू या, फार पुढे नको." ती पुढे बसली. बायको बसली नाही. मागून चालत येते म्हणाली.

पहिले शंभर मीटर मी राजासारखा गेलो. वाळू खरोखरच कडक होती. खिडकी उघडी, खारा वारा, आई हसत होती. मग वाळूचा रंग बदलला. मला तो बदललेला दिसला. ते मी नाकारत नाही. पण तिथे ट्रॅक्टरचे ठसे होते, आणि ट्रॅक्टरची चाकं माझ्या खांद्याएवढी असतात ही गोष्ट मला त्या क्षणी सुचली नाही. गाडी एकदम मऊ झाली. मी ॲक्सिलरेटर दाबला. पुढची चाकं गरगर फिरली, चिखलाचं एक कारंजं मागे उडालं आणि चालत येणाऱ्या बायकोच्या पंच्यावर पडलं. मग गाडी पोटावर बसली, म्हशीसारखी, आता मी काही उठायची नाही असं ठरवून.

पाणी अजून तेवढंच लांब होतं. मी डोळ्यांनी अंतर मोजलं होतं आणि डोळ्यांनी मला फसवलं होतं.

मी खाली उतरलो. चिखल घोट्याच्या वर. आईच्या बाजूचं दार उघडलं. तिने काठी खाली टेकवली, ती टेकलीच नाही, आत जात राहिली. आईने ती दोन्ही हातांनी उपटून परत घेतली आणि दार ओढून घेतलं.

"मी उतरले तर गाडी हलकी होईल का?"

"तू कशाला उतरतेस?"

"नाही, विचारलं. वजन माझं अठ्ठावन्न आहे."

होड्यांशी जाळी झटकणारी चार-पाच माणसं हे सगळं बघत होती. त्यांना घाई नव्हती. एक जण कमरेवर हात ठेवून आला, नंबरप्लेट वाचली आणि बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "झिरो सिक्स! बडोदानी छे!" बाकीचे हसले. बडोद्याची गाडी यात हसण्यासारखं काय आहे ते मी विचारलं नाही. मग तो मला म्हणाला, "केम काका, दरियामां पार्किंग करवा आव्या?"

"पाणी किती वेळात येईल?"

त्याने समुद्राकडे न बघताच सांगितलं. पाचला वळेल, साडेसहाला तुमच्या काचेपाशी. आणि शांतपणे तंबाखू मळू लागला. नंतर कळलं, ट्रॅक्टरवाला घरी चहा प्यायला गेला होता आणि त्याला बोलवायला एक जण आधीच पळालाही होता. ते मला सांगणं त्यांना जरुरीचं वाटलं नाही. मी मात्र ती वीस मिनिटं गाडीभोवती फिरत हाताने चिखल उपसत होतो. आत आई काच खाली करून बसली होती. एकदा म्हणाली, "अरे, घाबरू नकोस. भरती ताशी एका ठरावीक वेगानेच येते."

"कुठल्या?"

"ते किनाऱ्याच्या उतारावर असतं."

ट्रॅक्टर आला. जाड दोर बांधला. एक हिसका, दुसरा हिसका, आणि गाडी एक भला मोठा घास गिळल्यासारखा आवाज करून वर आली. तिला उलट्या तोंडाने कडक वाळूवर आणून ठेवल्यावर ट्रॅक्टरवाल्याने आईकडे पाहिलं. त्याला कुणीतरी हकिगत सांगितली असणार.

"बा, बेसो. पाणी सुधी लई जाऊं."

पाण्यापर्यंत नेतो म्हणताच आईचा चेहरा उजळला. तिला आम्ही दोघांनी धरून ट्रॅक्टरपाशी नेलं. ट्रॅक्टरवर चढायची पायरी तिच्या कमरेएवढी होती. तिने एक हात लोखंडी दांड्याला घातला, उजवा पाय उचलला आणि तो वीतभर उठून खाली आला. पुन्हा उचलला. मी मागून उचलू का म्हटलं, तेव्हा तिने नुसती मान हलवली. तोंडावरचा रंग गेला होता तिच्या. दुखत होतं.

"राहू दे, दीकरा," ती ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली. "ज्या गुडघ्यांसाठी आले तेच येत नाहीत म्हणतायत."

बायकोने बडोद्याहून आणलेला लीलो चिवडा, भाकरवडी, सगळं त्याला दिलं. मी काय बोलावं ते न सुचून त्याचा हात हातात घेऊन हलवत राहिलो, तर तो हात सोडवून घेत म्हणाला, "काका, ब्रेक मारो हवे."

संध्याकाळी मी खोलीबाहेर बादली-बादलीने गाडी धूत होतो. आई खाटेवर, पाय लांब करून. समुद्र परत यायला निघाला होता, पण आता अंधार पडत होता. मला वाटलं आई चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "पाहिला ना समुद्र. झालं तेवढं. सकाळी निघू या वेळेवर."

"बरं."

"आणि तेवढा दवाखान्यात फोन कर. बुधवारचं पुढे ढकल. उन्हाळा झाल्यावर बघू."

मी हातातला पाण्याचा मग खाली ठेवला. बायको आतून बाहेर आली. उन्हाळा झाल्यावर म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. उन्हाळ्यानंतर पावसाळा, पावसाळ्यानंतर गणपती, आणि तोवर लिफ्टपर्यंतची पावलंही गेलेली. हा तिसरा नकार होता, आणि या वेळचा सगळा माझ्या सुंदर अक्षरातला होता.

सकाळी सातला मी बॅगा भरत होतो. आठला निघायचं होतं, त्यालाही कारण होतं: सोमवारी गिऱ्हाइकाचे लोक व्हॉल्व्ह तपासायला येणार होते, आणि रविवारी दुपारी चारला मी कारखान्यात हजर राहायचं कबूल केलं होतं. पुन्हा चार. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चुका चारला घडतात.

बायकोने माझ्या हातातून बॅग घेतली आणि त्यातली आईची सुती लुगडी परत बाहेर काढली.

"पावणेबाराला भरती आहे. बाईंना विचारून आल्ये मी. पायरीवर साडेदहाला पाणी लागेल, एकपर्यंत राहील."

"मग मी चारला कसा पोचणार?"

"नाही पोचणार."

"साहेबांना काय सांगू?"

"खरं सांगा."

"आईला समुद्रात बसवायचंय म्हणून येत नाही? पंचवीस वर्षांत पहिल्यांदा?"

"मग खोटं सांगा. तुम्हाला दोन्ही नीट येत नाही, त्यामुळे फरक पडायचा नाही."

मी बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला. खरं सांगायचं ठरवून लावला होता, पण त्यांनी "बोलो, निकल गये?" विचारताच तोंडातून निघालं, "सर, गाडी समुद्राच्या चिखलात अडकली." यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त कालचा.

"अरे! मग?"

"ट्रॅक्टर लागेल."

"तर बोलाव ना ट्रॅक्टर!"

"बोलावलाय, सर." हेही खरं.

"आई बरोबर आहे ना तुझी? ठीक आहे ना?"

इथे माझा आवाज जरा बिघडला, कारण साहेब चांगला माणूस आहे. म्हणाले, सावकाश ये, मी स्वतः जाऊन उभा राहतो टेस्टवर. मंगळवारी मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मूर्ख. पहिल्यांदाच सांगितलं असतंस तर दोन दिवस जास्त दिले असते." असो.

आईला मनवायला वेळ लागला. ती पायात मोजे घालून, पर्स मांडीवर घेऊन निघायच्या तयारीत बसली होती. मी म्हटलं, "आई, आपण एकला निघू."

"का?"

"आत्ता ओहोटी आहे."

"मग तुझा कारखाना?"

"तिथे काही भरती नाही आज."

तिने पर्स बाजूला ठेवली. मग तिने खोलीवाल्या बाईंना हाक मारली आणि दोघींचं बोलणं सुरू झालं, ते मला कळायच्या पलीकडचं होतं. तेरस, चौदस, पुनव, कुठल्या पायरीपर्यंत पाणी येतं, वारा कुठला. आईला शास्त्र माहीत होतं आणि बाईंना पायरी माहीत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "बा, पाण्याकडे कशाला जायचं? पाणी आपल्याकडे येतं. आपण बसून राहायचं."

मी ते ऐकलं. कालपासून एवढं साधं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल, तेव्हा मी झोपलो होतो.

दहाला आम्ही पायऱ्यांवर गेलो. खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ होतं. बाईंनी एक जाड गोणपाट भिजवून खालून तिसऱ्या पायरीवर पसरलं आणि स्वतः पायाने दाबून बघितलं. आईला तीस पावलं चालायची होती आणि पाच पायऱ्या उतरायच्या होत्या. पायऱ्या ती एकेक करून, दोन्ही पाय एका पायरीवर आणत उतरली. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला बाई. माझ्याकडे काठी दिली होती. तेवढंच काम मला झेपेल असं तिघींचंही मत झालेलं दिसलं.

आई गोणपाटावर बसली. पाणी अजून पंधरा-वीस पावलांवर. आम्ही बसून राहिलो. चिखलातल्या आडव्या होड्या एकेक करून हलायला लागल्या, आधी एक बाजू, मग दुसरी, आणि मग उभ्या राहिल्या. पाणी येत होतं ते येताना दिसत नव्हतं. मध्येच नजर हलवली की पुढे आलेलं असायचं.

खालच्या पायरीला लागलं. मग दुसरीला. मग आईच्या टाचांना. तिने पाय उचलले नाहीत, पण बोटं आखडली.

"गार आहे?" बायकोने विचारलं.

"नाही गं. कोमट आहे." ती वाकून बघू लागली. "आणि रंग बघ. आपल्या चहासारखा. मी मुलींना निळा रंगवायला लावायचे."

साडेअकरापर्यंत पाणी तिच्या कमरेला आलं. लुगडं पाण्यात फुगून वर आलं, ते ती हाताने दाबत होती, मग दाबायचं सोडून दिलं. लाट अशी नव्हतीच. पाणी नुसतं वर-खाली व्हायचं, आणि त्याबरोबर आईही जराशी वर-खाली व्हायची. पाण्यात तिचे पाय हलके झाले होते. तिने उजवा पाय सरळ पुढे केला, मग दुमडला, मग परत सरळ. कितीतरी वेळा केलं तिने ते.

"दुखत नाहीये," ती म्हणाली. आमच्यापैकी कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

बायकोही तिच्या शेजारी बसली, साडीसकट. बाई वर जाऊन बोंबील उलटून आल्या. मी काठी धरून उभा होतो. पॅंट आज ऑफिसची होती, कारण हाफपँट चिखलात गेली होती.

साडेबाराला मी म्हटलं, "आई, उठायचं का?"

तिने उठायचा प्रयत्न केला. हात पायरीवर टेकले, जोर दिला आणि परत बसली. खाली शेवाळ होतं, गोणपाट सरकायला लागलं होतं, लुगडं ओलं आणि जड. बायको म्हणाली, "अहो, बघत काय राहिलात? या खाली." मी ऑफिसच्या पॅंटीनिशी पाण्यात उतरलो, आईच्या बगलेत हात घातले, आणि माझाच पाय घसरला. मीही आईच्या शेजारी, पाण्यात. पडलो असं म्हणायला हरकत नाही, पण बसलो असंही म्हणता येईल.

आई हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत.

वरून बाई ओरडल्या, "उठू नका हो आता! पाणी उतरू द्या. एकला उतरतं. मग मी येते."

मग आम्ही तिथेच बसलो, तिघंही, पाणी उतरायची वाट बघत. पाऊण तास. पाण्यात बसून माणूस पाऊण तास काय बोलणार? आईने विचारलं, "बुधवारी किती वाजता जायचंय रे दवाखान्यात?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"सातला," मी म्हटलं. "मी फोन केलाच नव्हता. ढकलायचा."

"माहितीये मला. आवाज आला असता." मग लुगडं सारखं करत, "उपाशीपोटी यायला सांगितलंय ना?"

"हो. आदल्या रात्रीपासून काही नाही. पाणीसुद्धा नाही."

"मग आज जेवून घेऊ नीट," आई म्हणाली आणि वर तोंड करून बाईंना हाक मारली. "बाई, ते बोंबील नुसते वाळवताच की कधी तळताही?"